श्वासाचे यंत्र आणि आपले कर्तव्य



धाप लागलेल्या माणसाला घेऊन दुधनीहून आपण सोलापूरला नाहीतर कलबुर्गीला धावतो. तिथे डॉक्टर विचारतात, "व्हेंटिलेटरवर ठेवायचे का?" हो म्हणावे तर हाल आणि खर्च. नाही म्हणावे तर पाप लागेल का, ही धास्ती.

विडीचा किंवा चुलीचा धूर वर्षानुवर्षे छातीत गेला की श्वासनळ्या आकसतात. डॉक्टर त्याला सीओपीडी म्हणतात. (विडीला कधी न शिवलेल्या आपल्या आयाही चुलीपायी यात सापडतात.) आजार बळावला तरी प्रत्येकाच्या घशात नळी घालावी लागत नाही. मोजून दिलेला ऑक्सिजन, नळ्या मोकळ्या करणारी औषधाची वाफ, स्टेरॉइड आणि तोंडावर घट्ट बसणारा मास्क यांवर पुष्कळजण सावरतात. यंत्रावर गेलेल्यांची लवकर सुटका व्हावी म्हणून औषधांचाही शोध चालू असतो. काचबिंदूवरचे अ‍ॅसिटाझोलामाइड हे जुने औषध श्वासाला चालना देते. फ्रान्समध्ये ३८२ रुग्णांवर त्याची चाचणी झाली, पण २०१६ साली निकाल आला तेव्हा यंत्रावरचा काळ त्याने खात्रीने घटतो असे दिसले नाही.

मग आपले कर्तव्य कुठवर? पोप १२ वे पायस यांनी २४ नोव्हेंबर १९५७ रोजी भूलतज्ज्ञांपुढे याचे उत्तर दिले. जीव राखण्यासाठी साधारण उपाय करणे बंधनकारक आहे. रुग्णावर किंवा इतरांवर फार मोठा भार टाकणारे असाधारण उपाय बंधनकारक नाहीत. आम्हाला वाटते, वाफ आणि मास्क साधारणच. नळीचे मात्र माणसागणिक बदलते. छातीत जंतुसंसर्ग होऊन धाप वाढली असेल, तर यंत्र हा थोड्या दिवसांचा आधार ठरू शकतो. तिथे "वय झाले" एवढ्यावर नाही म्हणणे आम्हाला पटत नाही. पण फुप्फुसे पार थकली असता रुग्णाने स्वतः नळी नाकारली, तर ती आत्महत्या नव्हे.

गंमत अशी की ज्याचा श्वास अडकला त्यालाच कोणी विचारत नाही! २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने अशी इच्छा आधी लिहून ठेवण्यास मान्यता दिली. २०२३ पासून त्यासाठी दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची सही पुरते. हे बोलणे घरी, माणूस बरा असतानाच करावे. आणि फादरांनाही वेळेवर बोलवावे. रुग्णाभ्यंग नंतरही देता येतो, पण घशात नळी असताना बोलून पापनिवेदन करता येत नाही.