मोजणाऱ्याचें माप

मनुष्याच्या नीतिबुद्धीची उंची मोजावयाची झाली, तर हातांतील माप कोणाच्या अंगावरून बेतलें आहे, हा प्रश्न अगोदर विचारावयास हवा. मोजणारा प्रामाणिक आहे, एवढ्यानें माप खरें ठरत नाहीं.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनीं १९५८ सालीं शिकागो विद्यापीठाच्या प्रबंधांत नैतिक विचाराची जी मांडणी केली, तिच्यांतूनच त्यांची ६ पायऱ्यांची सुप्रसिद्ध शिडी निघाली. ती ज्यांच्या उत्तरांवरून रचली गेली, ते सारे मुलगेच होते. पुढें त्या शिडीवर स्त्रियांस उभें केलें, तेव्हां त्या बहुधा तिसऱ्या पायरीवर, म्हणजे आप्तस्वकीयांचें मन राखण्याच्या पायरीवर, थांबतात असें सांगण्यांत आलें.

कॅरोल गिलिगन या विदुषीनें १९८२ सालच्या आपल्या ग्रंथांत या निष्कर्षावर आक्षेप घेतला. पत्नीचा जीव वाचविण्यासाठीं पतीनें न परवडणारें औषध चोरावें काय, असा कोलबर्ग यांचा प्रश्न. ११ वर्षांचा मुलगा म्हणतो, द्रव्याहून प्राण मोठा, चोरावें. त्याच वयाची मुलगी म्हणते, चोरूं नये. पैसे उसने घ्यावे, अन्य मार्ग शोधावा. पति तुरुंगांत पडला आणि पत्नी पुन्हा आजारी झाली, तर औषध आणणार कोण? शिडीच्या हिशेबीं मुलीचें उत्तर खालचें ठरलें. आम्ही विचारतों, परिणामांचा हा पोक्त विचार खालचा कां? मुलानें गणित सोडविलें, मुलीनें संसार पाहिला, इतकाच भेद.

परंतु येथेंच दुसरा खळगा आहे. न्याय पुरुषाचा आणि जिव्हाळा स्त्रीचा, अशी कायमची वांटणी केली, तर गौरवाच्या नांवानें जुनीच बेडी पुन्हा पायांत पडते. १९८४ सालीं लॉरेन्स वॉकर यांनीं उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हां बहुतेक अभ्यासांत स्त्रीपुरुषांमध्यें दखलपात्र अंतर आढळलें नाहीं. प्रौढांत जें थोडें आढळलें, तें बहुधा शिक्षण व व्यवसाय यांच्या विषमतेशीं निगडित होतें.

मग गिलिगन यांचा आक्षेप व्यर्थ गेला काय? नाहीं. अर्ध्या मानवजातीस न विचारतां संपूर्ण मानवजातीचें शास्त्र रचणें हा दोष, निकाल कसाही लागो, दोषच राहतो. जो निष्कर्ष आपल्या जुन्या समजुतीस गोड लागतो, त्याचें माप दोनदां तपासावें, हा नियम केवळ प्रयोगशाळेपुरता नव्हे. कारण मुलास विचारी व मुलीस भावनाप्रधान ठरविणारी शिडी आपल्याही माजघरांत उभी असते.