पक्ष बदलताना

आयकर खात्याची वकिली मी ११ वर्षं केली. आता करदात्यांच्या बाजूने उभा राहतो. आमच्या बारमध्ये कुणाला याचं नवल वाटत नाही. खात्याच्या पॅनेलवर काही वर्षं काढायची, न्यायमूर्तींना चेहरा ओळखीचा होऊ द्यायचा आणि बाहेर पडायचं, ही मळलेली वाट आहे. पुढे लॉ फर्म, एखाद्या उद्योगसमूहाचा करविभाग, क्वचित न्यायाधिकरणाचं सदस्यत्व. सरकारच्या कामावर जे शिकलो ते सरकारविरुद्ध वापरावं का, हा प्रश्न मात्र कुणी मोठ्याने विचारत नाही.

माझे एक ज्येष्ठ म्हणत, वकील म्हणजे रिक्षा. आधी हात करील त्याला न्यायचं. (मुंबईतले रिक्षावाले असं वागत नाहीत, ते सोडा.) कायद्याचं ज्ञान माझं आहे, हे मला मान्यच आहे. गवंडी सरकारी धरणावर काम शिकला म्हणून त्याने लोकांची घरं बांधू नयेत, असं कुणी म्हणत नाही. पण बंद दाराआड आयुक्त सांगतात, आपला पुरावा कुठे लंगडा आहे, कुठल्या मुद्द्यावर खातं माघार घेईल. ते माझं नव्हे. विश्वासाने ठेवायला दिलेली ती वस्तू आहे.

बार कौन्सिलचा नियम सांगतो की ज्या प्रकरणात एका पक्षासाठी काम केलं, त्यात विरुद्ध पक्षासाठी उभं राहू नये. आयकरात मात्र प्रत्येक करनिर्धारण वर्ष स्वतंत्र मानलं जातं. कंपनी तीच, घसाऱ्याचा वाद तोच, वर्ष फक्त पुढचं. मग हे नवं प्रकरण की जुनंच? अशा एका कंपनीचं काम माझ्याकडे आलं तेव्हा नियमातून वाट काढता आली असती. मी ते घेतलं नाही. फी चांगली होती, हेही सांगून टाकतो.

मुळात खात्याचा वकील कुणाच्या बाजूचा? संविधानाचा अनुच्छेद २६५ म्हणतो, कायद्याच्या अधिकाराशिवाय कर घेता येणार नाही. १९५५ च्या एका परिपत्रकाने अधिकाऱ्यांना बजावलं आहे की करदात्याच्या अज्ञानाचा फायदा उठवू नका. म्हणजे योग्य तेवढाच कर मिळवून देणं हेच माझं काम होतं. एका अपिलात निकाल आपल्याविरुद्ध पक्का आहे, लढू नका, असं मी सुचवलं. अधिकारी म्हणाले, "साहेब, ऑडिटचा आक्षेप आहे. मी सही कशी करू?" अपील दाखल झालं.

आणि निष्ठेचं म्हणाल तर व्होडाफोनचा निकाल जानेवारी २०१२ मध्ये सरकारविरुद्ध गेला. त्याच वर्षी कायदा बदलून १९६२ पासून लागू केला गेला, आणि २०२१ मध्ये सरकारनेच त्या मागण्या सोडून दिल्या. मधली नऊ वर्षं ज्या वकिलांनी त्या दुरुस्तीची बाजू मांडली, त्यांनी निष्ठा कशाशी ठेवायची होती?

केंद्राच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर वर्षभर खासगी नोकरीसाठी परवानगी लागते. पॅनेलवरच्या वकिलाला तसं बंधन नाही. ज्याच्याविरुद्ध लढलो, निदान त्या करदात्याचं काम तीन वर्षं घ्यायचं नाही, एवढी अट घालावी असं मी सुचवतो. सहकारी हसतात. खात्याची बिलं महिनोन्‌महिने अडकतात, त्यात ही अट घातलीत तर पॅनेलवर येणार कोण, म्हणतात.