१००१ चा उतारा

कृष्णाकाठच्या एका गावात सार्वजनिक वाचनालय आहे. ‘क’ वर्ग. अनुदान वेळेवर आलं तर ग्रंथपालांचा पगार वेळेवर, नाहीतर ‘बघू पुढच्या महिन्यात’. एका पावसाळ्यात वीज पडली आणि वाचनालयाचा जुना कॉम्प्युटर गेला. हार्ड डिस्क मात्र वाचली. त्या डिस्कवर पाच-सहा हजार पुस्तकांची दाखल नोंदवही होती, सभासदांची वर्गणी होती, जमाखर्च होता. शिवाय गावातल्या तरुण मंडळाने एके काळी दरवर्षी काढलेली हस्तलिखितं होती, पानन् पान स्कॅन केलेली. त्यांची मूळ पानं आता हात लावला की तुटतात, त्यामुळे स्कॅन हीच खरी प्रत म्हणायची.

तालुक्याच्या गावी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या नितीनने नवीन मशीन आणून बसवलं. लायसन्सचा खर्च नको म्हणून त्यात उबुंटू लिनक्स टाकलं, जुन्या मशीनवरही तेच होतं. दोन खाती उघडली: पहिलं ग्रंथपाल मंदाताईंचं, दुसरं ‘वाचक’ नावाचं, बिनपासवर्डचं, गावातल्या पोरांना शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला. मग जुनी डिस्क दुसरी डिस्क म्हणून आत जोडली आणि चहा मागवला.

ताईंनी दाखल नोंदवही उघडली. उघडली, पण वरच्या पट्टीवर ‘केवळ वाचनासाठी’ असं आलं. एक नवीन पुस्तक नोंदवून सेव्ह करायला गेल्या तर परवानगी नाही. नवीन फोल्डर करायला गेल्या, तिथेही परवानगी नाही.

“माझीच नोंदवही आणि मलाच परवानगी नाही?” ताई म्हणाल्या.

कार्यवाह तिथेच उभे होते. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांची तपासणी सोमवारी होती आणि कार्यवाहांचा सगळा जीव त्या सोमवारात अडकला होता. “नितीन, आता घोळ घालू नकोस. सगळ्यांना सगळं खुलं करून टाक. आपलंच वाचनालय आहे, चोर कोण येतोय इथे?”

कोपऱ्यात आप्पा पेपर वाचत बसले होते. आप्पा म्हणजे निवृत्त तलाठी. नोकरीची उभी हयात त्यांनी गाव नमुन्यांमध्ये घालवली आणि कॉम्प्युटरला ते अजूनही ‘ती पेटी’ म्हणतात. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, “उतारा काढून बघ की आधी. नाव कुणाचं लागलंय?”

नितीन हसला. “आप्पा, ही जमीन नाही.”

आणि त्याने टर्मिनल उघडून सुडो लावून सीएचमॉड ७७७ चालवलं, डिस्कच्या पार मुळापासून, आतल्या प्रत्येक फोल्डरसह. पाच सेकंदांत सगळं उघडलं. ताईंची नोंद सेव्ह झाली, कार्यवाहांनी चहाचे पैसे दिले.

नितीनला इथे फार बोल लावण्यात अर्थ नाही. परवानगीचा अडसर आला की ७७७ मारायचं, हा उपाय या धंद्यात सर्दीच्या गोळीसारखा हातोहात फिरतो. आणि तो लागूही पडतो, अडचण तीच आहे. वाचणं म्हणजे ४, लिहिणं म्हणजे २, चालवणं म्हणजे १, बेरीज ७. पहिला सात मालकाला, दुसरा त्याच्या गटाला आणि तिसरा इतरांना, म्हणजे मशीनवरच्या बाकी कुठल्याही खात्याला. कुणालाच अडवायचं नाही असं ठरलं की कुणाला का अडवलं होतं हे शोधायची गरजच उरत नाही.

सोमवारची तपासणी झाली, शेराही बरा मिळाला. त्यानंतर काही आठवडे कुणाची कसलीच तक्रार नव्हती.

मग एका दुपारी ताई हस्तलिखितांचं फोल्डर उघडायला गेल्या आणि ते नव्हतंच. वरचं, खालचं, सगळं जागच्या जागी, मधलं तेवढं गायब. त्यांनी कचरापेटी उघडून पाहिली, ती रिकामी. नितीनला फोन गेला. कार्यवाहही आले आणि आल्या आल्या त्यांनी ठरवून टाकलं की हे बाहेरच्या कुणाचं तरी काम आहे, पोलिसांत द्यायला हवं.

नितीन आला, बसला, पण त्याचे हात की-बोर्डवर जाईनात. आप्पांनी पेपरची घडी केली. “आता तरी बघशील का, नाव कुणाचं आहे ते?”

या वेळी तो हसला नाही. त्याने यादी काढली. फोल्डरांची नावं हिरव्या पट्टीवर निळ्या अक्षरांत आली. कुणीही लिहू शकेल असं फोल्डर असलं की उबुंटू ते असंच रंगवून दाखवतं. पहिल्याच दिवशी यादी काढली असती तर ही पट्टी तेव्हाच डोळ्यांत खुपली असती. पण त्याचं लक्ष पट्टीवर नव्हतं. मालकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच नाव होतं: वाचक. जमाखर्चाचा मालक वाचक. वर्गणीचा मालक वाचक. दाखल नोंदवहीचाही वाचकच.

“हे कसं शक्य आहे?” ताई म्हणाल्या. “हे सगळं मी टाईप केलंय. वाचक हे खातं तर परवा उघडलं.”

नितीनने तीच यादी नावांऐवजी आकड्यांत काढली. वाचकच्या जागी १००१ आलं, आणि त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

लिनक्स फाईलवर मालकाचं नाव लिहीतच नाही, नंबर लिहितं. त्या नंबराला त्या त्या मशीनवर जे नाव असेल ते फक्त दाखवायला पुढे करतं. उबुंटूत माणसांच्या खात्यांचे नंबर १००० पासून सुरू होतात. जुन्या मशीनवर पहिलं खातं तेव्हाच्या दुकानदाराने स्वतःच्या नावाने उघडलं होतं, ते १०००. ताईंचं दुसरं, म्हणून १००१. नव्या मशीनवर ताई पहिल्या, म्हणजे १०००. आणि १००१ कोण? वाचक. डिस्क इकडून तिकडे आली ती नंबर घेऊन. नव्या मशीनने इमानेइतबारे आपलं रजिस्टर बघितलं आणि ताईंची सगळी मिळकत वाचकाच्या नावावर दाखवली. कुणी चोरी केली नव्हती, कुणी खोटी सही केली नव्हती. फेरफारच झाला नव्हता.

“म्हणजे जुना गट नंबर नव्या गावात नेला, आणि तिथे त्या नंबराचं शेत दुसऱ्याचंच निघालं,” आप्पा म्हणाले. “अशी प्रकरणं आयुष्यभर पाहिली मी. लोक कुंपण तोडा म्हणून भांडत येतात. आम्ही म्हणायचो, कुंपणाचं नंतर बघू, आधी सातबारा दाखवा.”

विंडोजवाल्यांनी इथे हसू नये. तिथेही मालक म्हणजे एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक क्रमांकच असतो. विंडोज नव्याने टाकलं की जुन्या डिस्कवरच्या फोल्डरला मालक म्हणून ‘अज्ञात खातं’ दिसतं ते त्यामुळेच. तिथे निदान अज्ञात तरी म्हणतात. इथे ओळखीचं नाव समोर आलं, आणि ते चुकीचं होतं.

मग नितीनने लपलेल्या फाईलींसकट डिस्कचं मूळ उघडलं. तिथे एक फोल्डर होतं, त्याचं नाव टिंबापासून सुरू होत होतं: डॉट-ट्रॅश-१००१. दुसऱ्या डिस्कवरचं काही खिडकीतून डिलीट केलं की ते त्याच डिस्कवरच्या, डिलीट करणाऱ्याच्या नंबराच्या कचऱ्यात पडतं. ताई बघत होत्या ती कचरापेटी १००० ची. आत हस्तलिखितं होती, पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत.

ताईंनी डोळ्यांना पदर लावला आणि लगेच विचारलं, “कोणी केलं?”

ते कळायला वेळ लागला नाही. नववीतला एक मुलगा स्नेहसंमेलनाच्या नाचाचे व्हिडिओ मोबाईलवरून उतरवत होता. डिस्क भरली. सगळ्यात जड फोल्डर कुठलं ते त्याने बघितलं आणि कचऱ्यात टाकलं. जागा काही झाली नाही, कारण कचराही त्याच डिस्कवर होता. कंटाळून तो पोरगा मित्राकडे गेला. कचरापेटी रिकामी करायचं त्याला सुचलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती.

कार्यवाहांनी त्याला बोलावून घेतलं. पोरगा रडवेला. “मी बघितलं होतं, तिथे मालक वाचक असं लिहिलं होतं. मला वाटलं पोरांचंच असेल.”

यावर कार्यवाहांना बोलता आलं नाही. आप्पांनी त्याला समोरचा बिस्किटाचा पुडा दिला.

नितीन संध्याकाळी दुकान बंद करून पुन्हा आला. आधी सगळ्या डिस्कची प्रत एका बाहेरच्या डिस्कवर घेतली; दुरुस्तीआधी घ्यायची ती प्रत त्याने पहिल्या दिवशी घेतली नव्हती. मग मालकी बदलायला बसला. सीएचओन या आज्ञेला अमुक नंबराच्या मालकीचं तेवढंच बदल असं सांगता येतं. पहिल्याच दिवशी हे केलं असतं तर एका ओळीचं काम होतं: १००१ चं जे जे आहे ते १००० च्या नावावर. पण मधल्या आठवड्यांत पोरांनीही त्या खुल्या डिस्कवर आपलं सामान टाकलं होतं, आणि त्यांचाही नंबर १००१ च. आता ताईंची जुनी १००१ कुठली आणि पोरांची नवी १००१ कुठली?

“तारीख बघ,” आप्पा म्हणाले. “ताबा कधीपासूनचा ते तारखेवर ठरतं.”

ते इथेही चाललं. परवानग्या बदलल्या तरी फाईलीतला मजकूर शेवटचा कधी बदलला ती तारीख हलत नाही. डिस्क जोडण्याच्या आधीचं सगळं ताईंचं, नंतरचं १००१ चं, ताईंच्या चालू नोंदी सोडून, सगळं पोरांचं, अशी विभागणी झाली. तरी मोबाईलवरून आलेली काही गाणी आणि कुणाच्या तरी बहिणीच्या लग्नाचे फोटो जुन्या तारखा घेऊनच उतरले होते, ते ताईंच्या वाट्याला आले. ताईंनी रात्री उशिरापर्यंत एकेक नजरेखालून घालून ते वेगळे काढले. चाळताना एका फोटोत आपल्याच चुलतभावाची वरात सापडली, तेवढीच करमणूक.

मध्ये आप्पांनी विचारलं, “पण हे तीन-तीन वाटे केले कुणी?”

नितीनला तेवढं माहीत होतं. युनिक्सची सुरुवात १९६९ ची. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी ते घडवलं तेव्हा कॉम्प्युटर एकेकाच्या टेबलावर नसायचा. एकच यंत्र, त्यावर अनेक माणसं. तेव्हा कोणाचं काय, हे यंत्राला सांगावंच लागायचं: मालक, गट, इतर. लिनक्सने तीच पद्धत उचलली.

“म्हणजे चावडीसारखंच,” आप्पा म्हणाले, आणि पहिल्यांदाच खुर्ची ओढून त्या पेटीसमोर बसले.

मग परवानग्या. ग्रंथालय नावाचा एक गट केला, त्यात ताई आणि त्यांचा मदतनीस. फोल्डरांना २७७५, म्हणजे मालकाने आणि गटाने लिहावं, बाकीच्यांनी आत जाऊन वाचावं. पुढचा २ अशासाठी की त्यात नवीन काहीही केलं तरी ते आपोआप त्याच गटाचं व्हावं. फाईलींना ६६४. ७७७ मुळे हिशेबाच्या तक्त्यापासून चित्रांपर्यंत सगळंच ‘चालवता येण्याजोगं’ झालं होतं, तेही निघालं. सभासदांचे फोन नंबर असलेलं फोल्डर तेवढं इतरांना पूर्ण बंद. जमाखर्चही बंद करू का, असं नितीनने विचारलं.

“कशाला?” आप्पा म्हणाले. “वार्षिक सभेत वाचून दाखवतोच की. दिसू दे. खाडाखोड करता येऊ नये म्हणजे झालं.”

एका गोष्टीने मात्र आप्पा चमकले. नितीन म्हणाला, फाईल डिलीट करता येते की नाही हे फाईलीच्या परवानगीवर नसतं, ती ज्या फोल्डरात आहे त्याच्या परवानगीवर असतं. फोल्डर खुलं असलं तर आतली कुलपातली फाईलसुद्धा कुणीही उडवू शकतो. आप्पांनी हे दोनदा समजावून घेतलं आणि मग म्हणाले, “मग तू त्या दिवशी मुळालाच हात घातलास.” नितीन काही बोलला नाही, आज्ञा टाईप करत राहिला.

पोरांसाठी वाचक खात्यात वेगळी जागा काढून दिली. नववीतल्या त्या मुलाने तिथे स्नेहसंमेलनाचे व्हिडिओ उतरवले. हस्तलिखितंही तो आता वरचेवर उघडून बघतो, कारण त्यातली एक कविता त्याच्या आजोबांची निघाली.

पुढच्या तपासणीच्या आदल्या दिवशी कार्यवाह आले आणि ताईंच्या टेबलाशी उभे राहिले. “ताई, तुमचा पासवर्ड द्या बरं. मी कार्यवाह आहे, मला सगळ्याचा अधिकार पाहिजे.”

ताईंनी पेन खाली ठेवलं. “साहेब, तुम्हाला बदलायचंय की बघायचंय?”

“जमाखर्च बघायचाय.”

“मग वाचक म्हणून बसा. सगळं दिसतंय.”

कार्यवाहांनी इकडेतिकडे पाहिलं. पोरं फॉर्म भरायला रांगेत होती. आप्पांनी पेपर किंचित खाली केला. कार्यवाह रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.