वाट्याचा भाव

मृगाचा पाऊस दोन-चार दिवस लागून पडला की वसईतील पापडीच्या शुक्रवारच्या बाजारात शेवळे येतात. डोंगरपट्टीतील आदिवासी भगिनी पहाटेच निघून, मिळेल त्या वाहनाने येऊन, बाजाराच्या टोकाला प्लॅस्टिकचा कागद अंथरून बसतात. शेवळांच्या पाठोपाठ टाकळा येतो, भारंगी येते, पुढे कंटोळी येतात. त्याआधी मे महिन्यात ह्याच बाजाराचे रूप निराळे असते. तेव्हा घरोघरच्या मंडळींना आगोट भरण्याची घाई असते, आणि सुक्या बोंबलांचा व जवळ्याचा वास कपड्यांना चिकटून घरापर्यंत येतो. गोव्यातील आपले बांधव ह्या खरेदीला पुरुमेंत म्हणतात. मडगावला पवित्र आत्म्याच्या चर्चच्या सणाला जोडून पुरुमेंताचे फेस्तच भरते. शब्द पोर्तुगिजांचा, पावसाळ्याची धास्ती मात्र अस्सल आपल्या किनाऱ्याची. मग 8 सप्टेंबरला मारियामातेचा जन्मोत्सव आणि भाताच्या नव्या लोंब्या, ऑक्टोबरात आगेरा, थंडीत वालाच्या शेंगा. चर्चचे पंचांग आणि बाजाराचे पंचांग असे एकमेकांचा हात धरून चालत आले आहे. ह्या दोन पंचांगांपैकी एक पाळताना दुसऱ्याचा आपल्याला विसर पडतो काय, असा प्रश्न गेल्या वर्षीच्या जूनमध्ये आम्हांला पडला, आणि तो अजून सुटलेला नाही.

घटना अगदी साधी आहे. पाऊस कोसळत होता. एका बाईपुढे शेवळांच्या पाच जुड्या उरल्या होत्या. जुडीला वीस रुपये, असे ती म्हणाली. आम्ही नेहमीच्या सवयीने नाक मुरडले, शेवळे मऊ पडली आहेत असे म्हटले, दोन पावले पुढेही गेलो. तिने रस्त्याकडे एकवार पाहिले आणि पाचही जुड्या पन्नास रुपयांना दिल्या. वर काकडाची मूठभर फळे टाकली आणि बजावले, “काकडं घातल्याबिगर शिजवू नको, बाबा. घसा खाजंल.”

दुपारी जेवताना हा पराक्रम आम्ही घरी सांगितला. आमच्या वृद्ध मातोश्रींनी एवढेच विचारले, “किती वाजले होते तेव्हा?” साडेबारा, असे आम्ही म्हणालो. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. मात्र शेवळांची भाजी त्यांनी त्या दिवशी वाढून घेतली नाही.

त्यांच्या त्या प्रश्नाचा अर्थ आम्हांला ठाऊक होता. तरुणपणी त्यांनी वाडीतील भाजीच्या टोपल्या घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबई गाठली आहे. घरी तान्हे मूल आणि विझलेली चूल असे, म्हणून परतीची गाडी चुकवून चालत नसे. मुंबईच्या एका बाजारातील गिऱ्हाइकांना त्या गाडीची वेळ विकणारणींइतकीच पक्की पाठ होती. ती वेळ जवळ आली की ती सावकाश, हसतमुखाने पुढे येत. “ते भाजी विकत घेत नव्हते, आमची गाडी विकत घेत होते,” असे आमच्या मातोश्री म्हणत असत. हे वाक्य लहानपणी कितीदा ऐकूनही पन्नासची नोट पुढे करताना आम्हांला आठवले नाही, ही ह्या प्रकरणातील खरी शरमेची गोष्ट.

खोट्या मापांविषयी आपण प्रवचनांतून पुष्कळ ऐकतो. लेवीयच्या पुस्तकात खऱ्या तराजूची आज्ञा आहे; आमोस संदेष्टा तर माप लहान करणाऱ्यांवर आणि दुबळ्यांना पैशाने विकत घेणाऱ्यांवर कडाडतो. हे सारे दुकानदाराला उद्देशून आहे, असे मानून आम्ही निर्धास्त बसतो. परंतु नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायात गिऱ्हाइकाचेही चित्र आहे: तो माल वाईट आहे, वाईट आहे असे म्हणत राहतो आणि घरी जाऊन फुशारकी मारतो. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या गिऱ्हाइकात आणि आमच्यात फरक एवढाच, की आम्ही ती फुशारकी जेवणाच्या मेजावर मारली.

संत थॉमस अक्वायनस ह्यांनी आपल्या ‘सुम्मा थिओलॉजिका’ ह्या ग्रंथात खरेदी-विक्रीच्या नीतीचा स्वतंत्र विचार केला आहे. वस्तू हातची गेल्याने विकणाऱ्याचे नुकसान होत असेल तर तेवढे भावात धरण्यास ते हरकत घेत नाहीत. मात्र घेणाऱ्याची नड मोठी आहे, एवढ्याच कारणाने भाव चढवणे त्यांना मान्य नाही. त्यांचे कारण मार्मिक आहे. ती नड घेणाऱ्याची आहे, विकणाऱ्याच्या मालकीची नाही; आणि जे आपले नाही ते विकता येत नाही. हाच न्याय उलट फिरवला तर त्या बाईची सुटणारी गाडी आमच्या मालकीची नव्हती. तिच्या जोरावर भाव पाडण्याचा अधिकार आम्हांला कोठून आला? विकणाऱ्याने मालातील दोष सांगावा काय, ह्याचीही त्यांनी चर्चा केली आहे. त्या कसोटीला ती बाई पुरेपूर उतरली. घसा खाजेल हे तिने न विचारता सांगितले. शेवळे मऊ पडली आहेत, हे आमचे विधान मात्र खरे नव्हते.

“ती राजी होती ना?” असे कोणी म्हणेल. 1891 साली ‘रेरुम नोव्हारूम’ ह्या परिपत्रकात पोप लिओ तेरावे ह्यांनी मजुरीच्या संदर्भात ह्याच युक्तिवादाला उत्तर दिले आहे. निरुपायाने किंवा भयाने पत्करलेला करार म्हणजे संमती नव्हे, ती बळजबरी होय, असा त्यांचा आशय आहे. (2025 साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेताना ह्याच परिपत्रकाची आठवण काढली.) मजुरी आणि जुडी ह्यांत तसा भेद तरी काय? जुडी म्हणजे रानातील अर्ध्या दिवसाची मजुरीच.

तथापि दुसरी बाजू नाकारता येणार नाही. शेवळ सकाळी जेवढे टवटवीत असते तेवढे दुपारी राहत नाही. भाव थोडा उतरणे रास्तच. उतरलेल्या पन्नास रुपयांत कोमेजण्याचे किती आणि गाडीचे किती, हे तोलणारा तराजू कोणापाशी आहे? 2016 साली राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि संत सावता माळी ह्यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजार सुरू केले. आम्हांला ते आवडले, कारण दोष दलालाचा, असे आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो होतो. पण रानभाजी विकणारीच्या आणि आमच्या मध्ये कधी दलाल नव्हताच. तेथे खापर फोडायला आमच्याच डोक्याखेरीज दुसरे डोके नाही.

पुढच्या शुक्रवारी आम्ही प्रायश्चित्त म्हणून मागितलेल्या भावावर दहा रुपये जास्त ठेवले. तिने ते मोजले, आमच्याकडे पाहिले आणि टाकळ्याची एक जुडी पिशवीत कोंबली. फुकटचे तिला नको होते. आम्ही न्यायाची भरपाई दयेने करू पाहत होतो, आणि तिने ती वटवू दिली नाही. घरी हे ऐकून मातोश्री म्हणाल्या, “दहा रुपये कशाला? सकाळी जात जा.”

ह्या पावसाळ्यात आम्ही दोनदा सकाळी गेलो. तिसऱ्या खेपेस मात्र बारा वाजून गेले. ती तेथेच होती, पुढ्यात दोन जुड्या. तिने भाव सांगितला, आम्ही तेवढे पैसे काढले. “आज भाव नाय करत?” तिने विचारले. काय उत्तर द्यावे ते आम्हांला सुचले नाही. तिने शेवळे पिशवीत टाकली, वर काकडे टाकली, आणि घसा खाजेल म्हणून पुन्हा एकदा बजावले.