नवरात्रातला रस्ता आणि एरवीचा

नवरात्रात पाथर्डीहून मोहटादेवीच्या दर्शनाला मोहट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मध्यरात्र उलटून गेल्यावरही बायका चालत असतात. कुणी अनवाणी, कुणी पेंगुळलेलं पोर खांद्यावर टाकून, कुणी मैत्रिणींच्या घोळक्यात हसतखिदळत. शेवगावकडून येतात, नगरकडून येतात, बीडच्या बाजूनेही येतात. त्यांत कॉलेजच्या मुली असतात, नव्या सुना असतात. एरवी अंधार पडल्यावर याच मुलींना कोपऱ्यावरच्या गिरणीतून दळण आणायला धाडताना घरचे बरोबर धाकट्या भावाला देतात. भाऊ असतो आठ वर्षांचा!

घटस्थापना ते दसरा हा रस्ता बाईमाणसाला मोकळा असतो आणि दसरा उलटला की तो पुन्हा पुरुषांचा होतो. डांबर तेच, खड्डे तेच आणि माणसंही याच तालुक्यातली. गावात कुणाला विचारा, उत्तर ठरलेलं असतं : देवीचा धाक. मोहटादेवीवर श्रद्धा असणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. पण त्या नऊ रात्रींत रस्त्यावर धाकाखेरीज आणखी काय काय असतं ते पाहण्यासारखं आहे. मंडळांनी बांबूंना बांधलेल्या ट्यूबलाइटी असतात. ठिकठिकाणी फराळाचे, चहाचे मांडव असतात आणि तिथे टेकायला सतरंजी किंवा खुर्ची असते. एसटीच्या जादा गाड्या असतात. पोलिसांचा बंदोबस्त असतो. चुकल्यामाकल्यांची नावं लाउडस्पीकरवरून पुकारली जात असतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रस्त्यावर इतर बायका असतात, पुष्कळ असतात, आणि ‘एवढ्या रात्री कुठं निघालीस?’ असं त्यांना कुणी विचारत नाही.

याला कुणी नियोजन म्हणत नाही, पण ते अस्सल नियोजन आहे. दिवा, बसायची जागा, वाहन, वर्दळ आणि मदतीला येईल असं माणूस, हे सगळं आपण दरवर्षी नऊ दिवसांत उभं करतो आणि दहाव्या दिवशी सोडून टेम्पोत भरतो. मग उरलेलं वर्ष बाईच्या सुरक्षिततेचा प्रश्न दोघांच्या गळ्यात घालतो : पोलीस ठाण्याच्या आणि तिच्या बापाच्या. माझं म्हणणं असं, की या प्रश्नाचा मोठा वाटा नगरपरिषदेच्या अभियंत्याकडे, एसटीच्या आगारप्रमुखाकडे आणि महावितरणच्या उपकार्यकारी अभियंत्याकडे आहे. त्यांना कधी कुणी तो विचारला नाही, एवढंच.

२५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात, उभ्या असलेल्या शिवशाही बसमध्ये फलटणला निघालेल्या एका तरुणीवर बलात्कार झाल्याचा गुन्हा नोंदला गेला. राज्य हादरलं. त्या स्थानकात कॅमेरे होते, सुरक्षारक्षक नेमलेले होते, पोलीस ठाणं हाकेच्या अंतरावर होतं. कॅमेऱ्याने संशयित ओळखता आला, पुढे तो पकडलाही गेला. कॅमेऱ्याचं काम तेवढंच असतं, झाल्यावर दाखवणं. तक्रारीनुसार त्या मुलीला सांगितलं गेलं की तुझी गाडी इथे लागत नाही, तिकडे लागली आहे. म्हणजे त्या पहाटे तिला हवी होती ती साधी गोष्ट : कोणती गाडी कुठे लागते हे सांगणारा फलक आणि उजेडातली, जागी असलेली चौकशीची खिडकी. रिकाम्या गाड्या कुलूपबंद आणि उजेडात ठेवण्याची शिस्तही हवी होती. राज्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या स्टँडवर जाऊन पाहा, गाडी कुठे लागणार हे प्रवासी आजही शेजारच्या माणसाला विचारतात. हे विचारावं लागणं पुरुषाला गैरसोयीचं आहे, एकट्या मुलीला धोक्याचं.

आपल्या नगर जिल्ह्यात तर कोपर्डी आहे. १३ जुलै २०१६ ला कर्जत तालुक्यातल्या त्या गावात शाळकरी मुलीची हत्या झाली, लाखोंचे मूक मोर्चे निघाले, २०१७ च्या नोव्हेंबरात विशेष न्यायालयाने तिघांना फाशी सुनावली. शिक्षेवर महाराष्ट्र वर्षभर बोलला. ती ज्या वाटेने निघाली होती, तशा हजारो वाटांवर मात्र फारसं कुणी बोललं नाही.

जेन जेकब्ज या बाईंनी १९६१ साली अमेरिकी शहरांवर एक पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की रस्ता सुरक्षित ठेवतात ते रस्त्यावर डोळे असलेले लोक : दुकानदार, खिडकीतली म्हातारी, येणारेजाणारे. हे आपल्याकडे पारावरच्या म्हाताऱ्यांना कळत होतंच. पण इथे एक मेख आहे. आपल्या रस्त्यावरचे डोळे बहुतेक पुरुषांचे असतात आणि ते राखण कमी, चौकशी जास्त करतात. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईत अभ्यास करून २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ हे पुस्तक काढलं. बाईला सार्वजनिक जागी वावरायचं तर सतत काहीतरी काम असल्याचं दाखवावं लागतं, हे त्यांचं एक निरीक्षण. पिशवी हवी, फोन कानाला हवा, चाल घाईची हवी. तालुक्याच्या गावी हे आणखी कडक. पुरुषाला टपरी आहे, कट्टा आहे, सलूनचा बाक आहे. बाईला देऊळ, दवाखाना आणि एसटी स्टँड. नवरात्रात देवीचं निमित्त मिळतं म्हणून ती रात्री चालू शकते. निमित्त नसतानाही बाईला चार घटका बसता येईल अशी जागा आपल्या किती गावांनी आखली आहे?

व्हिएन्ना शहराने नव्वदच्या दशकात बागांमध्ये कोण खेळतं ते मोजलं. मुली नऊ-दहा वर्षांच्या झाल्या की बागेतून गायब होत होत्या. खेळाच्या मैदानांना जाळी आणि एकच दार असे, आणि त्या दारात मुलगे ठाण मांडून बसत. शहराने काही बागा नव्याने आखल्या, मैदानं मोकळी केली, वेगवेगळ्या खेळांना जागा दिली, आणि मुली परत आल्या. ना त्यासाठी कायदा बदलला, ना मुलग्यांना संस्कारवर्गाला पाठवलं.

आपल्याकडे उजेड म्हटलं की हायमास्ट. चौकात उंच खांब, त्यावर निधी देणाऱ्याच्या नावाची पाटी. खाली इतका उजेड की डोळे दिपावेत, आणि त्याच कारणाने मागच्या गल्लीत काहीच दिसू नये. बाईला चौकात भीती नसतेच. चौकापासून घरापर्यंतच्या दोनशे पावलांची असते. समोरून येणाऱ्याचा चेहरा दुरूनच ओळखता यावा इतपत सलग, मंद उजेड त्या दोनशे पावलांवर हवा. पण तिथल्या साध्या खांबाचं उद्घाटन होत नाही.

एसटीने मात्र एक शहाणपणाची गोष्ट केव्हाच केली आहे : हात दाखवा, गाडी थांबवा. कॅनडातल्या टोरांटो शहराने १९९१ पासून रात्री बायकांना दोन थांब्यांच्या मध्ये, घराजवळ उतरण्याची मुभा दिली, त्याचं जगभर कौतुक झालं. आपल्या आडमार्गाच्या गाडीचा कंडक्टर म्हाताऱ्या आजीसाठी हे कसलाही गाजावाजा न करता करत आला आहे. हे त्याच्या चांगुलपणावर न सोडता अंधार पडल्यावर प्रत्येक बाईचा हक्क म्हणून गाडीत लिहून ठेवायला कितीसा खर्च येतो? २०२३ च्या मार्चपासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, शाळकरी मुलींना मोफत पास आहे. पण शेवटची गाडी रद्द झाली की सवलतीचा पास हातात घेऊन वडापच्या जीपची वाट पाहावी लागते.

पाथर्डीत भीतीला आणखी एक रूप आहे. २०२० च्या ऑक्टोबरात मढी, केळवंडी, शिरापूर या भागात बिबट्याने तीन लहानग्यांचा बळी घेतला. डोंगरकडेच्या वस्त्यांवर माणसं दिवेलागणीलाच दारं लावून घेऊ लागली. पण शेतकऱ्याला दार लावून चालत नाही, कारण त्याची थ्री-फेज वीज रात्रीच्या पाळीला येते. उसाला, कांद्याला पाणी द्यायला तो बॅटरी घेऊन निघतो, आणि त्याची बायको पिलावर बसल्यासारखी पोरांवर बसून राहते. पिंजरे लावा, वनखात्याला बोलवा, हे सगळं ठीक. पण माणसाला रात्री शेतात ढकलतं ते विजेचं वेळापत्रक. दिवसा वीज देण्यासाठीची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीपासून सुरू झाली. कागदावर ती ऊर्जेची योजना आहे. वस्तीवरच्या बाईला विचारलं तर ती सांगेल कशाची आहे ते.

याच जिल्ह्यातल्या पुष्कळ गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालते. एक टोल फ्री नंबर असतो. त्यावर आपलं सांगणं बोललं, की गावातल्या नोंदलेल्या सगळ्या मोबाइलवर एकाच वेळी फोन जातो आणि बोलणाऱ्याचाच आवाज ऐकू येतो. चोर, आग, बिबट्या, हरवलेलं पोर, सगळ्याला हाच नंबर. साधा फोन पुरतो. मात्र यादीत बहुतेकदा घरच्या कर्त्याचा नंबर असतो, आणि कर्ता सहा महिने कारखान्यावर.

कारण पाथर्डी हा ऊसतोडीला जाणाऱ्यांचा तालुका आहे. दिवाळी झाली की गाड्या भरून माणसं निघतात. मागे म्हातारी माणसं आणि शाळेत जाणारी पोरं राहतात. वयात आलेली मुलगी मागे कशी ठेवायची, या धास्तीपोटी तिचं लग्न लवकर उरकतात. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी सरकारने २०२१ मध्ये ४१ तालुक्यांत ८२ संत भगवानबाबा वसतिगृहं मंजूर केली, पहिल्या टप्प्यात पाथर्डी होतं. योजना चांगलीच आहे. पण वसतिगृहाची भिंत मुलीला आत सुरक्षित ठेवील. तिथून शाळेपर्यंतच्या रस्त्याचं काम ती भिंत करणार नाही.

बाईला घरात ठेवणं हा आपला सर्वांत जुना सुरक्षा आराखडा. रस्त्यावर बायका कमी म्हणून रस्ता असुरक्षित, आणि असुरक्षित म्हणून बायका आणखी कमी. हे चक्र पोलिसांची गाडी फिरवून तुटत नाही.

खर्चाचं कारण कुणी सांगू नये. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. ती अनेक गावांत सह्यांपुरती होते हे सगळ्यांना माहीत आहे. तेव्हा हा अंक वाचणाऱ्या सरपंचांना, ग्रामसेवकांना आणि बचतगटाच्या ताईंना एक विनंती : २६ जानेवारीच्या ग्रामसभेआधीची महिला सभा यंदा दिवस मावळल्यावर घ्या आणि ती पंचायतीच्या खोलीत न घेता गावातून चालत घ्या. ज्या ठिकाणी बायकांची पावलं आपोआप भरभर पडू लागतील, ती जागा वहीत लिहा, आणि पहिला खांब तिथे रोवा.