पाहुणा आणि गिऱ्हाईक

जेवण संपले होते. टेबलावर कागदाचे आच्छादन होते. समुद्राच्या वाऱ्याने ते उडू नये म्हणून चारी बाजूंनी चिमटे लावलेले. त्यावर माशाचे काटे, पिळलेल्या लिंबाच्या फोडी आणि पावाचा चुरा पडला होता. बिल आले ते एका चिमुकल्या काचेच्या पेल्यात गुंडाळी करून खोचलेले. ग्रीसमधल्या खाणावळींत ते पुष्कळदा असेच येते, आणि तसे आल्याने त्यातला आकडा जरा सौम्य वाटतो. मी ते उलगडत होतो, इतक्यात मालकाने एक बशी आणि पाण्याचे दोन पेले आणून ठेवले. बशीत बिहीच्या फळाच्या फोडी होत्या. साखरेच्या पाकात शिजून तांबूस झालेल्या, आपल्या मुरांब्याचे दूरचे भावंड शोभतील अशा.

"अहो, हे तर गूळपाणीच," ही म्हणाली, "फक्त उलट्या वेळी आले."

मी बिल वाचले. पाव, उकडलेली रानभाजी, पिवळ्या वाटाण्याचे घट्ट वरण, तळलेले चीज, मासा हे सगळे होते, बिही नव्हती. हिशेबात चूक झाली असावी असे समजून मी मालकाला हाक मारली आणि याचे पैसे लावायचे राहिले आहेत, असे सांगितले. अशा वेळी माणूस स्वतःवर किती खूष असतो, हे ज्याने एकदा तरी वाण्याचे चुकून आलेले चार आणे परत केले आहेत त्याला सांगायला नको. पण त्या गृहस्थाचा चेहरा उतरला. "ते कागदावर नाही," एवढेच बोलून तो आत गेला.

जेवणाच्या शेवटी गिऱ्हाइकापुढे काही तरी विनामूल्य ठेवायचे, या चालीला ग्रीक माणसे 'केरास्मा' म्हणतात. कुठे द्राक्षे, कुठे कलिंगडाची फोड, कुठे दारूचा एक घोट. मला हे ठाऊक नव्हते. त्यातून गंमत अशी, की पावती दिली नाही तर पैसे देण्याचे बंधन नाही, अशी पाटी त्या देशात प्रत्येक उपाहारगृहात कायद्यानेच लावलेली असते. आणि त्या पाटीखाली बसून, पावतीवर नसलेल्या वस्तूचे पैसे घ्याच, असा हट्ट मी धरला होता.

ही गोष्ट २०१८ सालच्या ऑक्टोबरातली. लेस्व्होस बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरचे एक लहानसे गाव. त्याचे नाव मुद्दामच देत नाही. समोर अरुंद समुद्र आणि त्यापलीकडे तुर्कस्तानचे डोंगर, इतके जवळ की संध्याकाळी तिकडचे दिवे मोजावेत. खाणावळ वर्षभर चालणारी नव्हे. ईस्टरच्या सुमारास उघडायची आणि २६ ऑक्टोबरला सेंट डिमिट्रियसचा सण आला की खुर्च्या आत न्यायच्या. पूर्वी तिकडच्या धनगरांचे करारही एप्रिलमधल्या सेंट जॉर्जपासून या सणापर्यंतचे असत. म्हणजे हंगामाचे हे माप पर्यटकांपेक्षा जुने आहे. आम्ही गेलो तेव्हा हंगामाचे आठच दिवस उरले होते आणि बारा टेबलांपैकी दोनच भरलेली होती.

आता प्रश्न असा, की त्या बिहीचा अर्थ काय? मनातला संशयी कारकून लगेच उत्तर देतो: ती धंद्याची युक्ती आहे. फुकटाची बशी पुढे आली की गिऱ्हाईक दोन शब्द चांगले बोलते, पुढच्या वर्षी परत येते. तिची किंमत माशाच्या किमतीत आधीच मिसळलेली असते. हे उत्तर खोटे आहे असे मला म्हणवत नाही. पण आपल्या घरचे आतिथ्य तरी या कारकुनाच्या तपासणीत कितपत टिकेल? लग्नातल्या आहेराच्या वह्या आपण जपून ठेवतो त्या काही काव्य म्हणून नव्हे.

उलट बाजूचे लोक याहून मोठ्या आवाजात बोलतात. पैसा आला आणि आतिथ्य मेले, असे त्यांचे म्हणणे. ग्रीसपुरते पाहिले तर त्यांना पुरावाही आहे. पाहुण्यांचा रक्षणकर्ता म्हणून तिथे झ्यूस देवाला 'क्सेनिऑस' हे विशेषण होते. आणि १९५० नंतर तिथल्या सरकारने पर्यटकांसाठी हॉटेले बांधली त्यांना नाव दिले 'क्सेनिया'. देवाचे बिरूद पाटीवर गेले, खोलीचा दर खाली लिहिला गेला. पण या मंडळींच्या हळहळीत मला सामील होता येत नाही, आणि त्याला कारण माझे वडील.

ते १९३० नंतरच्या पुण्यात वार लावून शिकले. सात दिवसांची सात घरे. त्यांतल्या एकाही घराविषयी त्यांनी जन्मात वाईट शब्द काढला नाही. ती माणसे खरोखरच चांगली होती. पण पहिला पगार झाल्यावर ते खाणावळीत जेवायला लागले आणि ती आठवण सांगताना त्यांचा आवाज अजून वेगळा होई. "भात वाढा, असे मोठ्याने मी पहिल्यांदा म्हटले ते तिथे," ते म्हणत. सहा वर्षे चांगल्या घरांत जेवून त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला नव्हता. पैशाने पान वाढणाऱ्या माणसाने त्यांना जे दिले ते त्या सात पुण्यशील घरांना देता आले नव्हते. बिल देऊन उठणारा माणूस ताठ उठतो. त्याला कुणाच्या डोळ्यांना डोळा देताना आठवण ठेवावी लागत नाही. ही स्वतंत्रता लहान नव्हे. तिला हिणवणाऱ्यांनी बहुधा कधी वार लावलेले नसतात.

बिलाचा आणखी एक गुण आहे, तो म्हणजे ते नाव विचारत नाही. होमरच्या काव्यात पाहुण्याला आधी जेवू घालतात आणि मग 'आपण कोण, कुठले' असे विचारतात. ओडिसिअस समुद्रातून वाचून किनाऱ्याला लागतो तेव्हा फेआशियन लोक त्याला आसन देतात, खाऊपिऊ घालतात. तो कोण आहे हे त्यांना कितीतरी उशिरा कळते. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी नाव विचारले तर जेवण नावाला मिळते. आधी जेवण दिले तर ते माणसाला मिळते. खाणावळीत तर नाव शेवटपर्यंत कुणी विचारत नाही. प्राचीन ग्रीकात परका आणि पाहुणा या दोघांनाही 'क्सेनोस' हा एकच शब्द होता. आजच्या ग्रीकात तो परक्यापुरताच उरल्यासारखा आहे, आणि घरी आलेल्या पाहुण्याला ते लोक 'मुसाफिरिस' म्हणतात. तो शब्द अरबीतून तुर्कीत आणि तुर्कीतून त्यांच्याकडे गेला. आपला मुसाफिर तोच. आपल्याकडे तो अजून वाटेवर आहे. तिकडे तो ओसरीवर पोहोचला.

इतका विचार मी तिथे बसून केला असे मात्र समजू नये. तिथे मी फक्त ओशाळलो होतो. थोड्या वेळाने मालक स्वतःच खुर्ची ओढून आमच्याजवळ बसला. मला पुण्यात शिकलेले मोडके जर्मन येते, आणि तो तरुणपणी अकरा वर्षे जर्मनीत कारखान्यात होता. १९६० साली पश्चिम जर्मनीने ग्रीसशी करार करून मजूर नेले; त्या मजुरांना तिकडे जो शब्द रूढ होता त्याचा शब्दशः अर्थ 'पाहुणा-कामगार'. "अकरा वर्षे पाहुणा होतो," तो हसून म्हणाला. "कुणी बसा म्हटले नाही."

मग गोष्ट २०१५ सालावर आली; त्या किनाऱ्यावर ती येतेच. त्या एका वर्षात या बेटावर पाच लाखांच्या आसपास माणसे रबरी होड्यांतून उतरली. बहुतेक सीरिया आणि अफगाणिस्तानातली. जवळच्या स्काला सिकामिनियास या कोळ्यांच्या गावातल्या म्हाताऱ्या एका निर्वासित बाळाला बाटलीने दूध पाजताहेत, ते छायाचित्र जगभर गेले. तिथल्या कित्येकांची आईबापेच १९२२ साली आशिया मायनरमधून याच पाण्यातून, अशीच भिजून आली होती. आमच्या मालकाने त्या उन्हाळ्यात स्वयंपाकघर उघडे टाकले. सूप, पाव, कोरडे कपडे. "तीन महिने मी बिलाचे पुस्तक शोधले नाही," तो म्हणाला.

दुसऱ्या वर्षी बेटाकडे येणारी पर्यटकांची विमाने झपाट्याने घटली. टेबले मांडली, चिमटे लावले, आणि कागद कोराच राहिला. बेटावर मोरिया येथे छावणी झाली. तिथे क्रम होमरच्या उलटा होता: आधी नाव, बोटांचे ठसे, मग जेवणाची रांग. पुढे, २०२० च्या आरंभी, सुमारे तीन हजारांसाठी केलेल्या त्या जागेत वीस हजारांच्या आसपास माणसे होती; त्याच वर्षी सप्टेंबरात ती छावणी जळाली. आम्ही बोलत होतो तेव्हा हे व्हायचे होते. पण तोपर्यंत त्याने, छावणी इथून हलवा, अशी मागणी करणाऱ्या एका अर्जावर सही केली होती. "ज्यांना मी वाढले त्यांच्यामुळे, ज्यांच्यावर मी जगतो ते आले नाहीत," तो म्हणाला. "तुम्ही शिकलेले दिसता. माझे चुकले कधी? पंधरा साली, की सही केली तेव्हा?"

मी काही तरी गुळमुळीत बोललो. आज विचार करून सांगायचे तर मला वाटते, त्याचे दोन्ही वेळा चुकले नाही. किंवा सही करताना जे चुकले ते एकट्या त्याचे नव्हते. कांटने १७९५ साली शाश्वत शांततेवरच्या आपल्या निबंधात म्हटले, की परक्याचे आतिथ्य हा दयेचा विषय नसून हक्काचा आहे. मात्र हक्क भेटीचा आहे, कायम राहण्याचा नव्हे. आणि परत पाठवल्याने ज्याचा नाश होणार नाही त्यालाच परत पाठवता येते. हक्क म्हटला की तो मानणारे राज्य लागते. एका माणसाच्या बारा टेबलांवर एका खंडाचे ऋण मांडायचे, आणि ती टेबले मोडली की त्याच्या माणुसकीची परीक्षा घ्यायची, हा न्याय नव्हे. राज्यांनी काय केले? २०१२ साली अथेन्समध्ये कागदपत्रे नसलेल्या परदेशीयांची धरपकड करण्यासाठी पोलिसांनी मोहीम काढली आणि तिला नाव दिले 'क्सेनिऑस झ्यूस'. हॉटेलांच्या पाटीवर गेलेले बिरूद मला त्यामानाने सोवळेच वाटते.

पण एवढे म्हणून मला सुटता येत नाही, कारण एक गोष्ट मी त्या माणसाला सांगितली नाही. आम्ही या बेटावर २०१६ सालीच येणार होतो. जागा ठरली होती, तिकिटे पाहून झाली होती. मग वर्तमानपत्रांत होड्यांची चित्रे आली, आणि 'तिकडे सध्या गडबड आहे' असे म्हणून आम्ही क्रीटला गेलो. भीती होती असेही नाही. जेवताना समोर ते दिसू नये, एवढेच. गिऱ्हाईक म्हणून हा माझा पूर्ण अधिकार होता. ज्या स्वतंत्रतेने माझे वडील ताठ उठले, तीच ही: ज्याला उठून जाता येते त्याला न येताही येते. पाहुण्याला मात्र बोलावणे असते. त्याला असे न सांगता दुसऱ्या दारी जाता येत नाही. त्याची कोरी राहिलेली टेबले मी मोजू लागलो तर त्यांतले एक माझे निघते. आणि दोन वर्षांनी येऊन, बिहीचे पैसे लावा म्हणून मी आग्रह धरला होता.

"इथे पहिल्यांदाच आलात?" उठताना त्याने विचारले.

"पहिल्यांदाच," मी म्हणालो. ते खरे होते. हिने माझ्याकडे पाहिले, पण ती काही बोलली नाही.

बिलाचे पैसे त्याने मोजून घेतले, सुटे परत दिले. मग चारी चिमटे काढून खिशात टाकले आणि काटे, साली, चुऱ्यासकट तो कागद एका हाताने गोळा करून आत नेला. बशीत बिहीची एक फोड उरली होती. हिने ती उभ्याउभ्याच उचलून खाल्ली आणि बशी पाण्याच्या पेल्यावर झाकण ठेवावी तशी ठेवली.