वाटीआडची पिन

ऐन उन्हाळ्यात पंखा नुसता घुं घुं करतो, पाती जागची हलत नाहीत. काठीने ढोसले की मात्र फिरू लागतो. दोष बहुधा कपॅसिटरचा असतो. पंखा बंद ठेवून पाते हाताने फिरवून पाहावे. सहज फिरले तर कपॅसिटर गेला, जड लागले तर बेअरिंग. कपॅसिटर बदलणे घरी जमण्यासारखे आहे, पण त्यासाठी भिंतीवरचे बटण बंद करणे पुरेसे नाही. जुन्या वायरिंगमध्ये ते फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेले असू शकते, आणि मग बंद पंख्यातही वीज असतेच. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये पेटतो का ते पाहावे, मग मेन स्विच बंद करून तारा तपासाव्यात. कपॅसिटरच्या उघड्या टोकांना तरीही बोट लावू नये, त्यात विद्युतभार उरलेला असू शकतो. नवा आणताना जुन्यावरचा आकडाच पाळावा. घरगुती पंख्यांत तो बहुधा 2.5 किंवा 3.15 मायक्रोफॅरड असतो. जास्त आकड्याचा लावून पंखा पळवायला गेले, तर मोटारीचे वाइंडिंग तापते.

हा झाला कौशल्याचा भाग. पंख्याच्या दांड्यावरची वाटी सरकवल्यावर दिसणारी एक बारीकशी वस्तू मात्र कौशल्यापेक्षा सचोटीची परीक्षा घेते. पंख्याचा दांडा ज्या बोल्टवर पेललेला असतो, त्याच्या टोकाला भोक असते आणि त्यात दोन पाय फाकवलेली स्प्लिट पिन. थरथरीने नट सैल झाला तरी ही पिन बोल्ट निसटू देत नाही. पंखा उतरवून पुन्हा चढवताना ती हरवली, गंजून मोडली, तरी पंखा पहिल्यासारखाच फिरतो. वाटी जागेवर बसवली की काय राहून गेले ते कोणालाही दिसत नाही.

खाली कोण झोपते, हे मात्र पिन न लावणाऱ्याला ठाऊक असते.

घरच्या दुरुस्तीची जोखीम अशी करणाऱ्याकडून वापरणाऱ्याकडे सरकते. कित्येक घरांत फ्रिज किंवा वॉशिंग मशीन ‘थोडा करंट मारते’, आणि त्यावर घरातला तोडगा ठरलेला असतो: चप्पल घालून हात लावा. घरच्यांना ते अंगवळणी पडते. पण सुट्टीला आलेल्या भाचीला किंवा ओल्या फरशीवर अनवाणी काम करणाऱ्या मावशींना हे कोण सांगणार? तीन पिनांच्या प्लगातली अर्थची पिन लांब आणि जाड ठेवलेली असते, ती सर्वांत आधी जोडली जावी आणि सर्वांत शेवटी सुटावी म्हणून. ती कापून प्लग दोन भोकांच्या सॉकेटात बसवणे याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. आपल्या सोयीचा धोका दुसऱ्याच्या अंगावर ढकलणे, इतकाच त्याचा अर्थ.

एमसीबीचेही तेच. ती वारंवार पडते म्हणून जास्त अँपिअरची बसवली, तर पडायची थांबते. पण भिंतीतली वायर पूर्वीचीच असते. भार वाढला की ती तापते, आणि आग लागलीच तर शेजाऱ्याचे दार वेगळे राहत नाही.

म्हणून घरी काही करूच नये, असे मुळीच नाही. नळाचा वॉशर, मिक्सरचा कपलर, कुकरची रिंग एवढ्यासाठी वस्तू भंगारात जाता कामा नये. ॲमस्टरडॅममध्ये मार्टिने पोस्टमा यांनी 2009 मध्ये पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला. अशा ठिकाणी वस्तू नुसती देऊन जायची नसते. जाणकाराशेजारी बसून मालकानेही हात लावायचा असतो. भारतात ग्राहक व्यवहार खात्याने 2022 मध्ये ‘राइट टू रिपेअर’चे पोर्टल सुरू केले. दुरुस्तीचा हक्क मागताना तिची जबाबदारीही आपल्याकडे येते, आणि कुठे थांबायचे ते ओळखणे हा तिचाच भाग आहे. मायक्रोवेव्हचा कपॅसिटर प्लग काढल्यावरही जीवघेणा ठरू शकतो. तिथे हौस नको. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधला धातू पाणी आटून कुकर तापला की वितळावा यासाठीच असतो. तो वितळला की त्याच कंपनीचा नवा व्हॉल्व्ह बसवावा, भोक बुजवू नये.

तात्पुरती जोडणी कधीकधी करावी लागते. तेव्हा तिच्यावर चिकटपट्टी लावून तारीख आणि ‘कच्चे काम’ असे ठळक लिहावे, घरात सगळ्यांना सांगावे. आणि तुमच्या घरात चप्पल घालून हात लावायचे एखादे यंत्र असेल, तर मेन स्विच बंद करून आजच त्याचा प्लग काढा, आणि वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या.